अंगुस्तान

लास व्हेगसमध्ये पत्ते वाटणारा माणूस टेबलावरून उठताना टाळी वाजवतो आणि दोन्ही तळवे छतातल्या कॅमेऱ्याला दाखवतो. बघा, काही चोरलं नाही. एरलिंडा पांगिलिनान तेव्हा बावीस वर्षं पत्ते वाटत आली होती. घरी जेवण उरकल्यावरसुद्धा तिचे हात आपसूक वर जात, आणि नवरा बेनी म्हणे, "चमचे मोजून घेतले हं मी, जा आता."

उन्हाळ्यातल्या मोठ्या पोकर स्पर्धेत प्रवेशाचे पैसे भरणारा कुणीही उतरू शकतो. जगज्जेत्याच्या मांडीला मांडी लावून नेब्रास्काचा पोस्टमन बसतो. खेळाडू जागेवर नसला तर त्याच्या रिकाम्या खुर्चीलाही पानं वाटतात. पण जागेवर असलेल्याने आपली पानं आपणच जपायची, वर काहीतरी वजन ठेवायचं. वजन नसलेली पानं टाकलेल्या पानांत एकदा मिसळली, की संपलं; वजन असताना ओढली गेली, तर चूक वाटणाऱ्याची.

त्या दुपारी एरलिंडाच्या डाव्या कोपराला लागून ऑरविल स्टॅम्पर बसला होता. निवृत्त पोस्टमन, स्पर्धेचा तिसरा दिवस, आणि पानांवर वजन म्हणून बायकोचं अंगुस्तान, शिवताना बोटात घालायची ती धातूची टोपी. बायको गेल्याला वर्ष झालं होतं. त्याने सगळ्या चिप्स, पैशांऐवजी लावायच्या त्या चकत्या, पुढे सारल्या. बाकीचे समोरच्या खेळाडूकडे बघत होते. एरलिंडाने टाकलेली पानं गोळा करताना सवयीने त्याचीही ओढली. अंगुस्तान घरंगळत चिप्सच्या ढिगामागे गेलं.

सुपरवायझर आला. सकाळपासून तिच्या दोन चुका झाल्या होत्या. तिसरी झाली असती तर उद्याच्या कामाच्या यादीतून नाव गेलं असतं.

"पानांवर काही होतं?" त्याने विचारलं.

"नव्हतं," एरलिंडा म्हणाली.

"मग डाव बाद. माफ करा, आजोबा. चिप्स गेल्या." कॅमेरा बघायची त्याला गरजच वाटली नाही. बावीस वर्षं पत्ते वाटणारी बाई कशाला खोटं बोलेल?

खांद्यावर बदलीवाल्याची थाप पडली. ती उठली, टाळी वाजवली, तळवे दाखवले. मेल्या हातांना लाज कशी वाटली नाही, हे तिचं तिलाच कळेना.

दाराशी ऑरविल उभा होता, अंगुस्तान मुठीत धरून.

"बाई, रागावू नका," तो म्हणाला, "एकच विचारायचं होतं. मला पक्कं आठवतंय की मी हे पानांवर ठेवलं होतं. पण लेक म्हणते, बाबा, तुम्ही विसरायला लागलात, आता एकटं राहायचं नाही. मी तिच्याशी भांडून आलोय इथे. खरंच नव्हतं का हो?"

तोंड उघडायला जागा होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. एरलिंडाने मान हलवली. नव्हतं.

"बरं झालं विचारलं," तो म्हणाला. "तिला फोन करतो. तिचंच खरं निघालं म्हणायचं."

याला सहा वर्षं झाली. एरलिंडा अजून पत्ते वाटते, आणि कामावर तळवेही दाखवते; नियमच आहे तो. घरी मात्र दोन्ही हातांत ताट धरूनच उठते. बेनीने सुरुवातीला एकदोनदा विचारलं, "आज झडती नाही का?" मग त्यानेही विचारायचं सोडलं.