आडनावाच्या जागी ठिपका

“हिला प्रोफेसरांसमोर बसवू नका हां. तोंड उघडत नाही पोरगी,” सीनियर मॅडम म्हणाल्या.

“स्लाइड बदलेल की. तेवढं जमेल तिला,” मॅनेजर सर हसत म्हणाले.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर प्रोजेक्टरची वायर लावत होते. सर आणि सीनियर मॅडम दोघं वसईचे. मी बहारीनमध्ये वाढलेली, कायम इंग्रजीत उत्तर देणारी, त्यामुळे मला मराठी कळत नाही असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मीही कधी सांगितलं नाही.

बहारीनच्या अदलिया भागातल्या आमच्या छोट्या ऑफिसात दवाखान्यांसाठी पेशंट-रेकॉर्डची सिस्टिम बनते. ती तपासायला डेटाबेस शिकवणारे एक निवृत्त जर्मन प्रोफेसर दोन दिवसांसाठी आले होते. त्यांची लेक्चर्स मी कॉलेजात असताना ऐकली होती. परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा आठवडाभर मी त्यांची सगळी कारकीर्द वाचून काढली. विद्यार्थी असताना ते एका हॉस्पिटलात पेशंटची कार्डं क्रमाने लावायचे. पुढे जन्मभर त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला: फॉर्ममधल्या रिकाम्या चौकटीचा अर्थ काय? माहिती मिळाली नाही, की ती गोष्ट मुळात नाहीच? बरोबरचे लोक चेष्टा करायचे, ‘याचा विषय काय, तर काहीच नाही’. प्रोफेसरपद फार उशिरा मिळालं.

सरांनी माझं पान वाचलं. पदं आणि पुरस्कार ठेवले. “रिकाम्या चौकटीचं काढ. बोअर होईल.”

मला तेच तर ठेवायचं होतं. आमच्या सिस्टिममध्ये आडनाव भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. माझे बाबा इथेच हिद्दच्या बंदरावर ड्रायव्हर आहेत. कोकणातून आले तेव्हाच्या पासपोर्टवर त्यांचं आडनाव लागलंच नाही. गावात आहे, कागदावर नाही. दवाखान्यात काउंटरवर त्या जागी ठिपका भरतात. त्याच नावाचा, ठिपक्याचाच आणखी एक पेशंट निघाला आणि बाबांच्या हातात त्याची मधुमेहाची औषधं आली. बाबांना मधुमेह नाही. दोन गोळ्या घेऊन ते चक्कर येऊन बसले, तेव्हा कळलं.

आडनावाची सक्ती काढा म्हणून मी सरांना तीनदा ईमेल केली. पहिल्या दोन्हीला उत्तर नाही. तिसऱ्या वेळी सर जाता जाता म्हणाले, “इंशाल्ला, पुढच्या व्हर्जनमध्ये.”

मीटिंगमध्ये मी भिंतीशी उभी राहून स्लाइड बदलत होते. पेशंटची यादी आली तशी प्रोफेसरांनी हात वर केला. इतक्या जणांचं आडनाव नुसता ठिपका कसं, त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“टायपिंग मिस्टेक,” सर म्हणाले, आणि मला पुढे जायची खूण केली. मॅडम मराठीत पुटपुटल्या, “बदल गं बाई लवकर.”

माझा अंगठा बटणावर होता. मी ते दाबलं नाही. मी सरांकडे वळले आणि शब्द मराठीतच आले.

“सर, ती मिस्टेक नाही. ते ठिपके आपणच भरायला लावलेत. त्यातला एक माझ्या बाबांचा आहे. प्रोफेसरांना तुम्ही सांगता, की मी सांगू?”