एम.एस्सी. अर्जदाराचा डावा अंगठा

माझ्या मेहुण्याला परदेशी शिकण्याची शिष्यवृत्ती मिळू नये, अशी माझी कधीही इच्छा नव्हती. हे आरंभीच नमूद करून ठेवतो, कारण सासुरवाडीत याविषयी अद्याप दुमत आहे.

मी उस्मानाबादच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसणारा अर्जनवीस. शिक्षण सहावीपर्यंत (सातवीचा वर्ग बाहेरून पाहिला आहे). परंतु निजामाच्या अमलात उर्दूतून आणि विलीनीकरणानंतर मराठीतून मी कागदावर इतकी गयावया उतरवली आहे, की माझा एक अर्ज वाचताना तहसीलदारांनी डोळे पुसल्याचे शिपाई आजही सांगतो. (त्या आठवड्यात त्यांचे डोळे आले होते, असेही काही मत्सरी लोक म्हणतात!) अर्जाचे शास्त्र साधे आहे. अर्जदार हा गरीब, आजारी आणि निराधार असलाच पाहिजे. तसा तो नसेल, तर दोष अर्जदाराचा. अर्जाने आपले कर्तव्य सोडू नये.

माझा मेहुणा दत्तात्रय तेर गावचा. शेतकीत एम.एस्सी., तोही पहिल्या वर्गात. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने आपल्याकडचा एक पदवीधर तिकडे न्यायचा आणि तिकडचा एक इकडे पाठवायचा, अशी ती अदलाबदलीची शिष्यवृत्ती होती. जागा एकच, आणि वयाची अट अशी, की दत्तात्रयाला हे शेवटचेच वर्ष. त्याने फॉर्म भरला, स्वतःविषयी पानभर निवेदन लिहिले (ते मातृभाषेत चालेल, असे फॉर्मवर छापले होते) आणि परभणीला आपल्या कॉलेजात परत जाताना पाकीट माझ्या हाती दिले.

"दाजी, एवढं रजिस्टर करून टाका. दुसरं काही करू नका."

हे "दुसरं काही" मला लागले. पाकीट उघडून पाहणे भाग पडले.

आत काय असावे? "माझी प्रकृती उत्तम आहे. मी व्हॉलीबॉल खेळतो. घरची शेती आई समर्थपणे पाहते. मला कसलीही अडचण नाही." मी हादरलो! वीस वर्षांच्या व्यवसायात बिनअडचणीचा अर्जदार मी पाहिला नव्हता. ज्याला अडचणच नाही, त्याला कोणी अमेरिकेला कशाला पाठवील?

पोराचे नुकसान होताना पाहवेना. त्याचे निवेदन मी माझ्या पेटीत ठेवले आणि नवे लिहावयास बसलो. "अर्जदार हा अत्यंत गरीब, छातीने कमजोर व दृष्टीने अधू असून, त्याची वृद्ध माता तीन वर्षांपासून अंथरुणास खिळलेली आहे. घरात अकरा माणसे उपाशी आहेत. तरी मायबाप समितीने अर्जदारास पदरात घ्यावे, नपेक्षा जीव देण्यावाचून मार्ग नाही." शेवटचे वाक्य मी स्वतःलाच दोनदा वाचून दाखवले.

आता प्रश्न सहीचा. दुसऱ्याची सही करणे हा गुन्हा आहे, एवढा कायदा मला येतो. मी सौभाग्यवतीला हाक मारली.

"सरू, जरा डावा अंगठा दे."

"अवं, मला सही येती की! चार यत्ता झाल्यात माझ्या."

"सही येत असंल. पण अर्जदार तू न्हाईस, दत्तू हाय. दुसऱ्याची सही केली तर जेल होती."

"आन् दुसऱ्याचा अंगठा लावल्यावर?"

"सख्ख्या बहिणीचा अंगठा दुसऱ्याचा कसा? रक्त एकच हाय!"

तिने हात मागे घेतला. पण भावाच्या अमेरिकेचा प्रश्न होता. तिने अंगठा दिला. खाली मी सुवाच्य अक्षरात लिहिले, "निशाणी डाव्या अंगठ्याची, अर्जदार दत्तात्रय, एम.एस्सी." आणि पाकीट रजिस्टर केले.

महिन्याने समितीचे पत्र आले, माझ्याच पत्त्यावर (पाकिटावर पाठवणाराचा म्हणून मी तोच घातला होता). त्यात तीन शंका होत्या. कमजोर छातीचा उमेदवार समुद्रप्रवास कसा करणार? तो गेल्यावर अंथरुणाला खिळलेल्या मातेचे काय होणार? आणि एम.एस्सी. होऊनही उमेदवारास सही का येत नाही? (तिसरी शंका मला खोचक वाटली.) शिवाय, घरच्या परिस्थितीची चौकशी करून अहवाल द्यावा, असे त्यांनी कलेक्टर कचेरीला परस्पर कळवले होते.

दुसऱ्याच दिवशी शिपायाकडून कळले, की चौकशीसाठी गिरदावर, म्हणजे महसुलाचे तपासणीस, दुपारच्या मोटारीने तेरला जाणार. मी सकाळची मोटार धरली.

तीन वर्षे अंथरुणाला खिळलेली वृद्ध माता, म्हणजे माझ्या सासूबाई, माळवदावर चढून मिरच्या वाळत घालीत होत्या. खालूनच मी हाक दिली.

"मामी, खाली या. घटकाभर आजारी पडा!"

"काय म्हंता जावईबापू?"

"दत्तूच्या अमेरिकेसाठी. नुसतं पडून कण्हायचं. बोलायचं न्हाय."

"माझ्या जल्मात मी दिवसा आडवी झाले न्हाय!"

"आज व्हा. न्हायतर पोरगं इथंच राहतंय."

ही मात्रा लागू पडली. मी त्यांना दोन गोधड्यांखाली दाबले, म्हशी परसात नेऊन बांधल्या आणि ज्वारीच्या पोत्यांवर सतरंजी टाकली. तेवढ्यात गिरदावर आले. सासूबाई उत्तम कण्हल्या. गिरदावरांचा चेहरा हळवा झाला. माझ्या मते तिथेच काम फत्ते झाले होते. परंतु सतरंजीवर टेकता टेकता ते सहज म्हणाले,

"आमच्या मुरूडच्या घरी आमची आई बी अशीच पडून असती."

गोधडी ताडकन उडाली!

"मुरूडचं का तुमी? अगं बया! माझं माहेर हाय ते! कुण्या आळीचं?"

पुढची हकीगत सांगण्यासारखी नाही. अंथरुणाला खिळलेल्या मातेने चूल पेटवली, परसात जाऊन म्हैस पिळली आणि पाहुण्याला पितळी भरून दूध दिले. वर विचारले, "ते तिकडलं पोरगं हिकडं यायचंय म्हणं. भाकरी खातंय का ते? माझी काय ना न्हाय, पर कडब्याच्या दिवसांत आलं तर हाताखाली येईल."

"आजी, घरात अकरा माणसं उपाशी हायत म्हणं?"

"उपाशी कोण ऱ्हातंय! मी आन् दोन म्हशी. तुमी बसलाव ती ज्वारीच हाय की!"

गिरदावरांनी सतरंजीचे टोक उचलून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी आढ्याकडे पाहिले. अहवालात त्यांनी एकच ओळ लिहिली: "अर्जातील मजकुरापैकी गावाचे नाव खरे आहे."

दहाव्या दिवशी दत्तात्रय परभणीहून आमच्या घरी आला. समितीने त्याला कॉलेजच्या पत्त्यावर तार करून आठ दिवसांत खुलासा मागितला होता. तो न पटल्यास नाव रद्द. तो मोठ्याने बोलला नाही. त्याने तार माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला,

"दाजी, मी जीव देणार हाय, असं तुम्ही लिहिलंय?"

"तो मायना असतो, दत्तू. सगळ्यांचाच असतो."

"सहा वर्षं वसतिगृहात राबलो मी. त्यांच्या कागदावर मी आता अंगठेबहाद्दर, छातीचा रोगी आन् वर खोटारडा."

यावर मला तत्काळ उपाय सुचला. मी चष्मा लावला, कोरा कागद ओढला आणि सुरुवात केली: "माफीचा अर्ज. अर्जदारास अर्ज लिहितेवेळी तीव्र ज्वर असून बुद्धीस भ्रम..."

कागद हातातून गेला. सरस्वतीबाई, म्हणजे आमची सरू! तिने माझा टाक घेतला, पेटी उघडून दत्तूचे मूळ निवेदन काढले आणि उंबऱ्यावर बसून, मांडीवर पाट ठेवून लिहू लागली. लिहून झाल्यावर आम्हांला वाचून दाखवले.

"साहेब, माझा भाऊ धडधाकट आहे. आई बरी आहे. उपाशी कोणी नाही. अंगठा माझा आहे, भावाला सही येते. अर्ज माझ्या मालकांनी लिहिला, भावाला माहीत नव्हते. मालक वाईट नाहीत, त्यांना सवय आहे. भावाचा खरा कागद सोबत आहे. सरस्वती."

"अगं, मायना न्हाय, मायबाप न्हाय, विनंती न्हाय! ह्याला अर्ज म्हणत न्हाईत!" मी कळवळून म्हणालो.

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि पाकीट स्वतः टपालात टाकून आली.

पंधरा दिवसांत दत्तात्रयाला मुलाखतीचे बोलावणे आले. तिथे ती चिठ्ठी समितीच्या सभासदांनी एकमेकांना वाचून दाखवली, आणि मग दोन तास जमिनीच्या पोताविषयी विचारले, असे तो सांगतो. त्याची निवड झाली. निवडीच्या कागदावर त्याने मुंबईत चार ठिकाणी सही केली. प्रत्येक वेळी कारकुनाने ती निरखून पाहिली म्हणे!

ही बातमी लिंबाखाली कशी पोचली, ठाऊक नाही. (शिपायावर माझा संशय आहे.) पण पुढच्याच बाजारी परंड्याचे एक शेतकरी माझ्यासमोर बसले, आजूबाजूला पाहिले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाईसाहेब नाहीत का? त्यांच्या हातचा अर्ज मंजूर होतो म्हणं."

तेव्हापासून आमच्या व्यवसायात थोडा बदल झाला आहे. अर्ज मीच लिहितो. ती फक्त तपासते. परवा मी एका विहिरीसाठी दोन पानी अर्ज लिहिला. तिने तपासल्यावर त्यात माझा म्हणून केवळ दिनांक उरला. अर्ज आठवड्यात मंजूर झाला.

(दिनांक चुकीचा होता, असे मागाहून कळले!)