सोनबाचा हुकलेला चेंडू

सोनबा कळस गावी घरी बसला तो माझ्यापायी. इतकी वर्षं तोंड शिवून बसलो, आता सांगून टाकतो.

चौऱ्याण्णव साल. बारामतीजवळ एका कारखान्याच्या गेस्टहाऊसवर आमी दोघं रोजंदारीवर माळी. साहेबाला गोल्फचं वेड. हिरवळीत वाटीएवढं भोक पाडलेलं, आमी त्याला गल म्हणायचो. सोनबाच्या घरची मेंढरं कधीच गेलेली, पण गोफणीचा हात तसाच. दगडाकडं न्हाय, जिथं मारायचं तिथं बघायचं, श्वास सोडायचा, मग हात. चेंडूबी तसाच ढकलायचा. हुकायचा न्हाय. मी गलाशी उकिडवा बसून, न बघताच हात घालून चेंडू काढायचो.

गवत मऊ राहावं म्हणून तो सांजच्याला पाणी सोडायचा.

"बेडकं येत्यात लेका, त्यांच्या मागनं दुसरंच येतं," मी म्हणायचो.

"म्हणून तर गलावर पत्रा ठेव म्हणतो."

पत्रा ठेवायचं काम माझं होतं.

एका सकाळी पुण्याचे पाहुणे आले. साहेब म्हणाले, "सोनबा, दहा पावलांवरून एका फटक्यात घाल. गेला तर उद्यापासून तू कायम."

अकरा वर्षं रोजंदारी! माझ्याच छातीत धडधडाय लागलं. आदल्या सांजंला मी गलावर पत्रा ठेवलाच न्हवता, ते काय माझ्या ध्यानात आलं न्हाय.

मी काठावर बोटं टेकवून बसलो. सोनबानं नेहमीसारखा गाल गवताला लावून उतार बघितला. आन तसाच राहिला. उठला तवा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, भ्याला गडी. पण त्यानं श्वास सोडला, हात जराबी कापला न्हाय, आन चेंडू पार डावीकडं, जास्वंदीत!

"आरं मुडद्या, काय केलंस हे?" मी तणतणत उठलो, चेंडूमागं धावलो. पाहुणे हसले.

"दत्तोबा, आता तितंच थांब," सोनबा हळू म्हणाला. "गलात फुरसं हाय. उतार बघताना काठावर डोकं दिसलं."

वळून बघितलं. माझी बोटं होती त्याच काठावर ते अंग घासत खरखर करत होतं. सोनबा वरडला असता तर दचकून माझा हात आत गेला असता.

पाहुण्यांपुढं साप निघाला म्हणून साहेब भडकले. "इथं साप आलाच कसा? संध्याकाळी पाणी कोण सोडतं?"

सोनबानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"मी," तो म्हणाला. पत्र्याचं नाव त्यानं काढलं न्हाय. मीबी न्हाय.

त्याला त्याच दिवशी काढलं. दिवाळीत मला कायम केलं. त्यानंतर एक सांज मी पत्रा विसरलो न्हाय. काय जाळायचंय आता ते ध्यानात ठेवणं!