राणी रंगाची जास्वंद

मी अकरा वर्षं चित्रकला शिकवली आणि त्या अकरा वर्षांत एकच फूल काढलं.

जास्वंद. पाच पाकळ्या, मधे दांडा, डावीकडं एक कळी, उजवीकडं दोन पानं. खडू फळ्याला टेकवला की फूल आपोआप उमटायचं. झोपेत उठवून विचारलं असतं तरी मी तेच काढलं असतं. लातूरच्या आमच्या शाळेतली पोरंसुद्धा तेच काढायची. वर माझं एक ठरलेलं वाक्य होतं, ते मी प्रत्येक तासाला म्हणायचो, "समोर जसं दिसतं तसं काढा! डोक्यातलं काढू नका!" (समोर काय असायचं? फळ्यावरची माझी जास्वंद!)

हे वाक्य आख्ख्या शाळेत फक्त एका पोरीनं मनावर घेतलं आणि ती नेमकी माझीच पोरगी निघाली. वर्षा, इयत्ता आठवी. तिचं नाव वर्षा ठेवलं आणि त्यानंतर आमच्याकडं धड पाऊस झाला नाही, असं माझी सासू म्हणते.

तर त्या साली दोन गोष्टी एकदम झाल्या. आमचा जिल्हा नवीन झाला आणि आभाळानं पाठ फिरवली. जिल्हा झाला म्हणून पाट्या बदलल्या, साहेब आले, साहेबांना गाड्या आल्या. पाणी तेवढं आलं नाही. नळाला आठवड्यातून एकदा सुरसुर व्हायची, तेवढ्यासाठी बायका पहाटेपासून घागरी मांडून बसायच्या. अशात शाळेत वरून कागद आला. 'आपला नवा जिल्हा, फुललेला जिल्हा' या नावानं चित्रांची स्पर्धा घ्यावी, आणि विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष फूल समोर ठेवूनच चित्र काढावं!

मुख्याध्यापकांनी कागद माझ्यापुढं सरकवला. "मास्तर, चाळीस पोरं बसवायची हायत. फुलं आणा."

"सर, फुलं कुठं हायत? नाल्याकाठी बेशरम तेवढी फुललीय."

"साहेब बघायला येऊन राहिलेत, अन् तुम्ही त्यांच्यापुढं बेशरम ठेवता?"

"मग रुई?"

"रुई मारुतीला. साहेबाला चांगलं फूल पाहिजे. आणि पेल्यात घालून ठेवा, पण पाणी मागू नका. पाणी पोरांना प्यायला न्हाई."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत मी आख्खं लातूर पालथं घातलं. एका वकिलांच्या अंगणात दोन सदाफुल्या दिसल्या, पण त्यांच्या आईनं काठी उगारली. शेवटी गफूरभाईंकडं गेलो. गफूरभाई लग्नाचे सेहरे बांधायचे. खऱ्या फुलांचा धंदा बसला होता, म्हणून ते कापडाची फुलं करून विकत होते. तार, कापड आणि तांदळाची कांजी, एवढ्यावर असं फूल करायचे की माशी फसावी.

"फिकर नको मास्तर," गफूरभाई म्हणाले. "दोघांत एक धरलं तर वीस फुलं. संध्याकाळपर्यंत देतो. फक्त कपडा संपलाय. कपडा तुम्ही आणा."

त्या दिवशी बाजार बंद. मी घरी आलो. बायको, म्हणजे सुमन, पाण्याच्या रांगेत होती. घरात फक्त मी आणि तिची ट्रंक!

ट्रंकेत सगळ्यात वर एक साडी होती. राणी रंगाची, सोनेरी बुट्ट्यांची, जरीच्या काठाची. सुमनचा भाऊ कंधारचा, त्यानं ती खास नांदेडहून आणलेली. सुमन ती एकदाच नेसली होती आणि त्याच वेळी कंधारच्या यष्टीतल्या खिळ्याला पदर अडकून टरकन फाटला होता. राणी रंगाचा दोरा घरात नव्हता म्हणून तिनं निळ्या दोऱ्यानं रफू केला आणि मग गल्लीतल्या प्रत्येकीला विचारलं, "दिसत न्हाई न्हवं?" प्रत्येकीला तो दिसत होता. प्रत्येकीनं न्हाई म्हणून सांगितलं. आता भावानं नवीन घर बांधलं होतं, आणि घरभरणीला हीच साडी नेसून जायचं तिनं पक्कं केलं होतं.

मला हे सगळं माहीत होतं. पण कलावंताचं डोकं वेगळं चालतं. मी हिशोब केला, की साडी नऊवार नसली तरी लांब असते. आतलं टोक कमरेला खोचलं जातं. तिथलं हातभर कापलं तर कोणाच्या बापाला कळतंय!

"गफूरभाई, फक्त आतलं टोक. हातभर," असं मी बजावून सांगितलं. ते "हाव हाव" म्हणाले.

संध्याकाळी गेलो तर वीस फुलं तयार! काय फुलं होती! प्रत्येक पाकळीच्या कडेला जर, मधे सोनेरी बुट्टी.

"गफूरभाई, ही जर कुठून आली?"

"मास्तर, सेहऱ्याच्या फुलाला काठच लागतो! आतलं टोक अगदीच साधं होतं, शोभलं नसतं. म्हणून पदर घेतला. तुमच्या साहेबासाठी हाय, मनानं केलंय!"

पदराशिवायची साडी मी काखेत मारली आणि शाळेत चित्रकलेच्या कपाटात, प्लास्टरच्या सुरईच्या मागं कोंबली.

स्पर्धा झक्क झाली. बाभळीच्या काटक्यांना दोऱ्यानं फुलं बांधली, कोरड्या पेल्यांत उभी केली. साहेब लांबूनच "वा वा" करून गेले. चाळीसातल्या एकोणचाळीस पोरांनी समोर न बघता माझी जास्वंद काढली. डावीकडं कळी, उजवीकडं दोन पानं! मला समाधान वाटलं. वर्षा मात्र तास संपला तरी मान खाली घालून काढतच होती. गठ्ठा बांधायची घाई होती, म्हणून मी तिचा कागद न बघताच ओढून घेतला. तिथंच चुकलं.

आठ दिवसांनी सुमननं ट्रंक उघडली.

"अहो, माझी साडी?"

"कोणती?" मी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. (ते उलटं होतं, हे नंतर कळलं.)

तिनं आख्खं घर उपसलं. आणि मग ती एकदम थांबली. दोनच आठवड्यांपूर्वी माझी धाकटी बहीण शांता औशाहून आली होती. शांता शिलाई करायची. ती साडी हातात घेऊन म्हणाली होती, "वहिनी, याच्या पदराचा ब्लाऊज लई भारी होईल."

"घेऊन गेली असंल तुमची बहीण!" सुमन म्हणाली. "ब्लाऊज शिवायला!"

"छे, शांता तशी न्हाई," असं मी म्हणालो. पण इतक्या हळू म्हणालो, की मलाच ऐकू आलं नाही.

औसा लांब नाही आणि असली बातमी यष्टीच्याही आधी पोचते. तिसऱ्या दिवशी शांता दारात उभी. आत आलीच नाही.

"दादा, वहिनीला काय वाटतं ते वाटू दे. तू सांग. मी चोर हाय का?"

मी म्हणालो, "अगं, बस तरी. चहा घे."

"म्हणजे तुला बी वाटतं तर! यंदा भाऊबीजेला माझी वाट बघू नको." आणि डोळ्याला पदर लावून ती गेली.

खरं सांगतो, त्या दिवशी मला माझीच किळस आली. वडील गेल्यावर या पोरीला मी खांद्यावर घेऊन शाळेत नेलेलं. आणि आता ज्या एका वाक्यानं तिच्यावरचा डाग धुऊन निघाला असता, ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज सुमन लाटणं घेऊन बसलेली असायची. मी उद्यावर ढकलायचो.

अशात निकाल आला. नव्या जिल्ह्यात पहिला नंबर, कुमारी वर्षा! चित्रांचं प्रदर्शन आणि बक्षीस एकाच दिवशी. सुमन नटून आली. शांतासुद्धा भाचीसाठी आली, पण पार मागच्या खुर्चीवर बसली. दोघी एकमेकींकडं पाठ करून होत्या.

साहेबांनी भाषण केलं. "पाऊस नाही म्हणून काय झालं? आपल्या जिल्ह्यात कल्पनाशक्तीचा दुष्काळ नाही!" टाळ्या. मग त्यांनी वर्षाचं चित्र वर धरलं. मी ते पहिल्यांदाच बघत होतो.

पोरीनं सगळं काढलं होतं. बाभळीचा काटा. दोऱ्याची गाठ. वाळलेल्या कांजीचा पापुद्रा. सोनेरी बुट्ट्या, जरीचा काठ.

"बघा!" साहेब म्हणाले. "इतर मुलांनी साधी जास्वंद काढली. या मुलीनं पाकळीला सोन्याची किनार दिली! आणि ही पाकळीवरची निळी शीर पाहा. अशी शीर निसर्गात नसते. याला म्हणतात कल्पनाशक्ती!"

तिसऱ्या रांगेतून सुमन उठली.

"शीर न्हाई साहेब ती!" तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "रफू हाय! माझ्या हातचा! माझ्या भावाच्या साडीचा पदर हाय तो!"

साहेबांनी चित्र उलटं करून पाहिलं. मुख्याध्यापकांनी माझ्याकडं पाहिलं. मी वर्षाकडं पाहिलं.

"तू ओळखलं होतंस?" मी पुटपुटलो.

"हाव बाबा."

"मग घरात एवढं रामायण झालं तेव्हा बोलली का न्हाईस?"

"मला कुणी विचारलंच न्हाई."

तेवढ्यात मागून शांता आली. मला वाटलं, या दोघी आता एकमेकींच्या झिंज्या धरतात. पण सुमननं तिचा हात धरला आणि म्हणाली, "वन्सं, चुकलं माझं. चोर घरातच होता!" शांता रडली, सुमन रडली. मलाही गहिवरून आलं आणि मी दोन पावलं पुढं झालो, तर दोघी एकदम म्हणाल्या, "लांब उभं राहायचं!"

त्याच दिवशी कपाट उघडण्यात आलं. सुरईमागची साडी बाहेर निघाली. ती शांतानं मापली, सुमननं मान डोलावली, आणि दोघी मशीनवर बसल्या. मला वाटलं, चला, उशांचे अभ्रे होतील.

कंधारच्या घरभरणीला मी गेलो तो राणी रंगाचा, सोनेरी बुट्ट्यांचा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. खिशाला जरीचा काठसुद्धा होता. (तो उरला होता.) आख्खं सासर ओळीनं येऊन बघून गेलं. मेव्हण्यानं विचारलं, "दाजी, कापड ओळखीचं वाटतंय?" मी म्हणालो, "नांदेडचं हाय."

जेवणं झाल्यावर सगळ्यांनी आग्रह केला, की जिल्ह्यात पहिल्या आलेल्या पोरीनं एक चित्र काढून दाखवावं. नव्या भिंतीवर लावू! सुमननं मला पाटावर बसवलं. वर्षानं कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं आणि माझ्याकडं एकटक बघायला लागली.

"बाबा, हलू नका. समोर दिसतं तस्संच काढते."

मी हात जोडले. "बाई गं, अकरा वर्षं चुकीचं शिकवलं मी. आज तेवढी कल्पनाशक्ती वापर!"