फक्त पायासाठी

"घरी कोणाले तरी वाचता येत असंन," असं म्हणत आमचे कंपाउंडर प्रत्येक डबीवर कागदाची चिठ्ठी चिकटवत. कुरूपाचं मलम असेल तर 'फक्त पायासाठी', गजकर्णाचं असेल तर 'तोंडाला लावू नये'. अक्षर टपोरं, डिंक भरपूर. अमरावतीच्या त्या दवाखान्यात मी केसपेपर लिहायचो. निम्म्या पेशंटांना अक्षरओळख नव्हती, आणि चिठ्ठ्यांपायी रांग खोळंबायची. मी कंपाउंडरांची फार चेष्टा केली. तुम्हीही केली असती.

एकदा त्यांनी मला शांतपणे समोर बसवलं आणि मी नोकरीला लागण्याआधीची गोष्ट सांगितली.

मलमासाठी लोक घरूनच भांडं आणत. वलगावच्या एका बाईनं पायाच्या कुरूपासाठी आणली ती तोंडाला लावायच्या स्नोची रिकामी बरणी. यांनी तिच्यात सॅलिसिलिक ॲसिडचं जालीम मलम भरलं, पायाला लाव म्हणून तोंडी बजावलं. बाई निरक्षर, तिला चिठ्ठी कशाला?

तिची मुलगी मात्र सातवी शिकलेली. तिला पाहायला अकोल्याचे पाहुणे येणार होते. आईनं आपल्यासाठीच स्नो आणला असं समजून ती तो गालांना चोळत राहिली. कातडी सोलून निघू लागली तेव्हा तिला वाटलं, रंग उजळतोय. म्हणून आणखी लावलं. आठवड्याभरात दोन्ही गाल भाजल्यासारखे झाले. पाहुणे आले नाहीत. पुढंही कोणी आलं नाही.

"तिले वाचता येत होतं, भाऊ," म्हणत त्यांनी बाही वर सारली. तेच मलम त्यांनी स्वतःच्या हातावर लावून पाहिलं होतं. मनगटाच्या वर पांढरा, सुरकुतलेला डाग होता. मला माझीच लाज वाटली.

वलगावचं कोणीही आलं की ते तिची चौकशी करत. स्वतः तिच्या दारी जायची हिंमत मात्र त्यांना झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले.

महिन्याभरानं ती आली. गालावर पदर, आईसाठी तेच मलम हवं होतं. कंपाउंडर कुठं आहेत, तिनं विचारलं. मी सांगितलं.

"त्यायले सांगाचं होतं," ती म्हणाली. "मी आता शाळेत शिकवून राहिली. माह्या मनात काही नाही."

नव्या कंपाउंडरनं डबी भरून दिली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली आणि माझ्यापुढं ठेवली.

"चिठ्ठी राहिली."

मी त्यांची डिंकाची बाटली शोधून काढली. डिंक वाळून दगड झाला होता.