साखराबाईकडच्या किल्ल्या

पंचशीला सोनकांबळे ऑफिसातून घरी आली, कुलूप उघडून आत गेली आणि तशीच बाहेर येऊन ओरडली, "माझ्या घरात कुणीतरी शिरलं होतं!"

आम्ही सगळे धावलो. काय गेलं, म्हणून विचारलं. काहीच गेलं नाही, असं ती म्हणाली. मग ओरडायला काय झालं?

"पाणी भरून ठेवलंय," ती म्हणाली.

मी आत जाऊन पाहिलं. पिंप काठोकाठ भरलेलं होतं. दोन्ही घागरी भरलेल्या, बादली भरलेली, चहाचं पातेलंसुद्धा भरलेलं. त्या दुष्काळात एवढं पाणी एका जागी बघायला मिळणं हीच नवलाई होती. शेजारच्या पार्वतीबाईंनी तर दोनदा बोट बुडवून खात्री केली. पण पंचशीलाचा चेहरा उतरला होता. कुलूप शाबूत, कडी शाबूत, आणि तिच्या घराची किल्ली तिच्याशिवाय कुणाकडेही नव्हती.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची ही गोष्ट आहे. नवी ऑफिसं आली आणि त्यांच्या मागोमाग बिलोली, धर्माबाद, निलंग्याकडची नोकरदार माणसं आली. त्यांना राहायला खोल्या मिळत नव्हत्या. माझ्या घरासमोर गुरुबसप्पांची कडबा रचायची मोकळी जागा होती. दुष्काळात कडबाच उरला नाही, तेव्हा त्यांनी तिथे एका ओळीत सहा खोल्या बांधून काढल्या. सारखी दारं, मागे सारखी मोरी, मोरीत नळ. प्रत्येक दाराला एकेक कुलूपही त्यांनीच दिलं. भाडेकरूंना वाटलं, मालक मोठ्या मनाचा आहे.

नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, आणि कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं. घरातली माणसं कामावर असताना पाणी येऊन गेलं की पुढचे चार दिवस हाल. त्यावर ओळीनं एक तोड काढली होती, ती म्हणजे साखराबाई.

साखराबाई जळकोटकडची. बहात्तर सालच्या दुष्काळात खडी फोडायला नवऱ्याबरोबर आली आणि लातुरातच राहिली. सटवाजीनं पुढे बरीच वर्षं हमाली केली, मग त्याचं अर्धं अंग गेलं. ओळीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत दोघं राहत. तिथे नळ नव्हता. तो पडून होता, त्याची अंथरुणं रोज धुवावी लागत, म्हणजे आमच्या कुणाहीपेक्षा तिलाच पाणी जास्त लागे. भाडेकरूंनी आपापली किल्ली तिच्याकडे देऊन ठेवली होती. पाणी आलं की तिनं दार उघडून भांडी भरायची, आणि त्या घरच्या नळाची एक घागर स्वतःसाठी न्यायची. तिला वाचता येत नव्हतं. प्रत्येक किल्लीला तिनं वेगळ्या रंगाची चिंधी बांधली होती आणि सगळ्या किल्ल्या कमरेच्या पिशवीत ठेवल्या होत्या. धावत एकेक दार उघडताना तिला पाहिलं की मला आमच्या हैदराबादच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्स आठवत. मात्र सिस्टर्स कधी धावत नसत.

किल्ली दिली नव्हती ती एकट्या पंचशीलानं. ती कलेक्टर ऑफिसात कारकून होती आणि एकटी राहायची. पाणी हुकलं तर संध्याकाळी ऑफिसातून कॅन भरून आणायची. तिला गर्व आहे असं ओळीत म्हणत. मला तो गर्व वाटला नाही, पण मग काय होतं, हेही मी कधी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी ती साखराबाईसमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, खरं सांगा. माझ्या घराची किल्ली तुमच्याकडं कशी आली?"

"तुमची किल्ली? म्या तर ती बघितली बी न्हाई."

"मग पाणी कुणी भरलं? भुतानं?"

"आसं पाणी भरणारं भूत आसल तर त्याला आदी माज्या घरी आणून बसवा, माय."

लोक हसले. पंचशीला हसली नाही. "मी चेष्टा करत नाही. उद्या चौकीवर जाऊन सांगते, की माझ्या कुलपाची दुसरी किल्ली कुणीतरी करून घेतलीय."

चौकी म्हटल्यावर हसू थांबलं. तेव्हा साखराबाईला वाचवावं म्हणून पार्वतीबाई पुढे झाल्या. "अगं, काहीतरीच काय? साखराबाई कुणबी घरची. ती तुझ्या घरात पाणी भरायला कशाला जाईल?"

या बोलण्याचा अर्थ सगळ्यांना कळला, पंचशीलाला सगळ्यांच्या आधी. ती बिलोलीकडच्या बौद्ध घरातली.

साखराबाईच म्हणाली, "कशापाई न्हाई जाणार? किल्ली दिली आस्ती तर गेलेच आस्ते की. घागर ती घागर."

हे बोलून तिनं स्वतःचा बचाव स्वतःच घालवला, असं मला वाटलं.

इतक्यात चौथ्या खोलीतले भुजंगराव मास्तर बाहेर आले. ते वेगळ्याच रागात होते. "यांच्याकडं पाणी भरलं म्हणून भांडण, आणि माझ्याकडं थेंब नाही त्याचं काय? मावशी, माझं घर विसरलात काय हो?"

"आत्ता गं बया! इसरले कशी? तुमचं पिंप काठोकाठ भरून आले की! घागरी भरल्या, चहाचं पातेलं बी भरलं."

"माझ्याकडं चहाचं पातेलंच नाही. मी चहा हॉटेलात पितो."

"पातेलं माझं आहे," पंचशीला म्हणाली.

साखराबाई दारांकडे वळून बघत राहिली. दोनच दिवसांपूर्वी गुरुबसप्पांनी सगळ्या दारांना हिरवा रंग दिला होता. त्याआधी मास्तरांच्या दारावर गेरूचा हात होता, पार्वतीबाईंच्या दाराला तोरण होतं. साखराबाई त्या खुणांवरून घरं ओळखायची. आता सहाही दारं एकसारखी हिरवी झाली होती. तिनं घाईत मास्तरांचं समजून शेजारचं दार उघडलं होतं. तिची चूक कळली, पण त्यामुळे गोंधळ वाढलाच.

"मास्तरांच्या किल्लीनं माझं कुलूप कसं उघडलं?" पंचशीलानं विचारलं. "बघू ती किल्ली."

साखराबाईनं पिवळ्या चिंधीची किल्ली काढून दिली. पंचशीलानं ती आपल्या कुलपाला लावली. कुलूप उघडलं. मग तिनं लाल चिंधीची लावली, तीही लागली. निळी लावली, निळीही लागली.

"म्हणजे हिनं एवढ्या किल्ल्या करून घेतल्या?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

पंचशीलानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती आपली किल्ली घेऊन पार्वतीबाईंच्या दाराकडे गेली.

"अगं, अगं, माझ्या दाराला कशाला?"

कुलूप उघडलं. पार्वतीबाई पायरीवर बसूनच राहिल्या. मग ज्याच्या हातात जी किल्ली होती ती घेऊन जो तो धावला. कुणाच्याही किल्लीनं कुणाचंही दार उघडत होतं. इतके महिने ही माणसं कुलूप लावून निर्धास्त कामाला जात होती, आणि ती दारं उघडी असल्यासारखीच होती.

"दिवाळीला माझा पितळी डबा गेला," पार्वतीबाई हळूच म्हणाल्या आणि त्यांची नजर मास्तरांकडे गेली.

"माझ्याकडं काय बघता? माझी छत्री गेली तेव्हा मी कुणाकडं बघितलं होतं का?"

गुरुबसप्पांना बोलावणं गेलं. ते आले, आणि कुलूप हातात घेऊन त्यांनी ते कौतुकानं पाहिलं. "अय्यो, यात काय झालं? गोलाईच्या बाजारात गाडीवाल्याकडून डझन घेतलं. एका पेटीतलं. वजनाला बघा की, कसलं दणकट हाय!"

"दणकट आहे मालक, पण सगळ्यांची किल्ली एकच आहे," मास्तर म्हणाले.

"मग बरंच की! एकाची हरवली तर दुसऱ्याची चालतीय."

ते हे मनापासून म्हणत होते. मी विचारलं, "डझनातली सहा इथे लागली. बाकीची सहा कुठे आहेत?"

"आमच्या दुकानात ठेवलो होतो, काकू. विकून टाकलो."

"कुणाला?"

"आता गिऱ्हाईक कुठलं लक्षात राहतंय?"

त्यानंतर आपसातला संशय थांबला, कारण तो आता साऱ्या लातुरावर पसरला. कुलूप घेताना त्याच पेटीतलं दुसरं कुलूप काढायला लावावं आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लावून बघावी, हे मी तेव्हापासून करते. वजनावर आणि चकाकीवर जाऊ नये. भाड्याच्या घरात जुन्या कुलपावर राहू नये, आपलं नवं आणावं. दुकानदार चिडतो. चिडू द्यावा. यात मला शंका नाही. माझा गोंधळ पुढच्या गोष्टीत होतो.

सगळ्यांनी नवी कुलपं आणली, प्रत्येकानं वेगळ्या दुकानातून. साखराबाई निर्दोष आहे हे सगळ्यांना पटलं होतं. पंचशीलानं तिची माफीही मागितली. पण नव्या कुलपाची किल्ली साखराबाईकडे कुणीच दिली नाही.

मी पार्वतीबाईंना विचारलं, "तुमचा तिच्यावर भरवसा नाही का?"

"भरवसा आहे की, काकू. पण कोपऱ्यावर पोलिसांचा कागद लावलाय, घराची किल्ली कुणाला देऊ नका म्हणून."

तो कागद मी वाचला होता. बाहेर जाताना शेजाऱ्यांना सांगून जा, असंही त्याच कागदावर होतं. दोन्ही गोष्टी बरोबर वाटत, आणि दोन्ही एकदम कशा पाळाव्यात ते समजत नसे.

"म्हणजे तुम्ही साखराबाईला सांगून जाणार, पण किल्ली देणार नाही?"

"आता नवं कुलूप आहे, तर थोडे दिवस राहू द्यावं म्हटलं."

"कशासाठी?"

"तेच तर मला बी कळंना झालंय," पार्वतीबाई म्हणाल्या.

माझ्या घराकडे चढ असल्यामुळे नळाला बारीक धार येई. त्यातली एक घागर मी साखराबाईला दिली. दुसरी तिनं घेतली नाही. "तुमचं पाणी तुमीच भरता, काकू. म्या फुकट किती न्यावं?" सटवाजीच्या अंथरुणाचा वास आता रस्त्यापर्यंत यायला लागला होता. तिनं धुणं एका दिवसाआड केलं, मग दोन दिवसांआड.

त्यानंतर पाणी आलं ते भर दुपारी. ओळीत कुणीही नव्हतं. किल्ली द्यायची नाही म्हणून बहुतेकांनी एक युक्ती केली होती, पिंपावर तोटी उघडी ठेवून जायची. प्रत्येकाला ती एकट्यालाच सुचली होती. थोड्या वेळानं बंद दारांच्या आत भांडी भरून वाहू लागली. मोऱ्यांमधून पाणी मागच्या गटारात पडू लागलं. मी आणि साखराबाई बाहेर उभ्या राहून तो आवाज ऐकत होतो. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या एका माणसानं कुलूप फोडू का, असं मला विचारलं. फोडा म्हणावं की नको, मला कळेना. दुसऱ्याच्या घराचं कुलूप पाण्यासाठी फोडणं हा गुन्हा की ते वाहू देणं हा गुन्हा?

मी वळून पाहिलं तर साखराबाई मागे गेली होती. गटारीच्या तोंडाशी बसून ती वाडग्यानं पाणी घागरीत भरत होती.

"साखराबाई, ते घाण आहे!"

"प्यायला न्हाई, धुयाला."

त्याच वेळी पंचशीला आली. पाणी आल्याचं ऑफिसात कुणीतरी तिला सांगितलं होतं आणि ती तशीच चालत निघाली होती. तिनं गटार वाहताना पाहिलं, वाडगा पाहिला. दार उघडलं. तिच्या नळाची तोटी बंद होती, भांडी कोरडी होती.

"मावशी, ती घागर ओतून द्या आणि आत या."

आधी साखराबाईची घागर भरली, मग दुसरी, मग पंचशीलाचं पिंप अर्धं झालं आणि नळ गेला. पंचशीलानं किल्ली पुढे केली.

"नगं," साखराबाई म्हणाली. "पुन्यांदा कुटं काय झालं तर परत माझ्यावर येतंय."

"मग काय करू? मीही रोज अशी येऊ शकत नाही."

साखराबाईनं ओळीतल्या कुलपांकडे बोट केलं. "आदी ती सगळ्या दारांला लावून बघा."

दोघी भर उन्हात ओळीतून फिरल्या. किल्ली दुसऱ्या एकाही दाराला लागली नाही. तेव्हा कुठे साखराबाईनं पदराची कड टरकावून किल्लीला चिंधी बांधली. पंचशीलानं खडूनं आपल्या दारावर मोठी फुली काढली.

संध्याकाळी पार्वतीबाईंच्या घरात उंबरठ्यापर्यंत पाणी साचलेलं निघालं आणि ज्वारीचं पोतं भिजलेलं. त्या रात्रीच्या स्वयंपाकाआधीच किल्ली देऊन गेल्या, वर साखराबाईलाच म्हणाल्या, "तू मागितली का नाहीस गं?" आणखी तिघांनी दुसऱ्या दिवशी दिल्या. मी माझ्या घराची दिली का? नाही. मी घरीच असते. पण दिली असती का, हे मला अजून सांगता येत नाही.

मास्तरांनी शेवटपर्यंत दिली नाही. का ते त्यांनी सांगितलं नाही, आणि साखराबाईनं विचारलंही नाही. पुढच्या वेळी पाणी आल्याचं कळताच ते शाळेतून अर्धी रजा टाकून आले आणि दार सताड उघडं ठेवून मोरीत बसले. साखराबाई त्यांच्या दारावरून पुढे निघाली होती. त्यांनी आतूनच हाक मारली, "मावशी, घागर आणा." ती आत गेली. मास्तरांनी आपलं पिंप बाजूला सरकवलं आणि तोटीखाली तिची घागर ठेवली.