शेवटच्या रांगेपर्यंत आवाज

हे सांगणं मी बरीच वर्षं टाळलं. बारामतीत मी तरुणांना अभिनय शिकवायचो आणि मालिकांत कामं केल्याची थाप मारायचो. प्रत्यक्षात मी फक्त जत्रेतल्या नाटकांत उभा राहिलो होतो. म्हणून शिकवलं ते एकच: आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. माझी सर्वांत गुणी विद्यार्थिनी माळेगावात उसाच्या बांधावरून संवाद म्हणायची, तेव्हा रस्त्यावरचे ट्रॅक्टरवाले थांबून उत्तरं द्यायचे.

पुण्यात ऑडिशनला तिला मरणाऱ्या बापाच्या कानात कुजबुजायचं होतं. "बाबा, झोपा आता!" ती म्हणाली, आणि बाप झालेला नट दचकून उठून बसला. तिला नाकारलं.

तिचे वडील विचारायला आले, "सर, पोरीत काय कमी हाय?"

चूक माझी होती. मी म्हणालो, "तात्या, अभिनय अंगात असावा लागतो. तिच्यात नाही."

तिनं अभिनय सोडला.

ती आता लोणी देवकरच्या एका कंपनीत पॅकिंग करते. परवा "माफ कर" म्हणायला मी तिच्या कंपनीच्या फाटकावर गेलो.

"सर, तुमी हितं कसं?"

"बारामतीची एसटी कुठं थांबते, ते विचारायला आलो होतो," मी म्हणालो.